दादरची रत्नागिरी पॅसेंजर दिव्यालाच का थांबली?

ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, इकडे कुठल्याही कोकणी घरात हा प्रश्न एकदा तरी निघालेला असतो, की अरे ती दादरवरून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर बंद केली का नक्की, की चालू आहे? उत्तर थोडं विचित्र आहे, कारण गाडी चालू आहे पण दादर-ठाण्याची सेवा बंद झाली. २०२० च्या मार्चपर्यंत दादरवरून रोज दुपारी ५०१०३ रत्नागिरीला निघायची आणि तिकडून पहाटे निघालेली ५०१०४ दुपारी दादरला पोचायची, दोन्ही ठाण्याला थांबायच्या. लॉकडाउनमध्ये देशातल्या सगळ्याच गाड्या थांबल्या तशी हीपण थांबली. पुढे परत सुरू झाली ती दिव्यावरून, दादर आणि ठाणे टाइमटेबलमधून गेले ते गेलेच.

आता हे वाचताना वाटतं की दादर ते दिवा असा कितीसा तुकडा कापला, दोनशे तीनशे किलोमीटरच्या प्रवासात तेवढ्याने काय होतं. पण ठाण्यातला माणूस गावाला जातो तो हातात मोबाईल घेऊन जात नाही ना. तांदळाची गोणी, गणपतीचं सामान, म्हातारी आई, लहान पोर, आणि येताना फणस, आंब्याची पेटी, कोकमं, सुकी मासळी. आधी ठाण्याला एकदा चढलं की थेट गावच्या स्टेशनला उतरायचं. आता आधी स्लो लोकल पकडायची, कळवा, मुंब्रा, दिवा, आणि दिव्याला लोकल काही सेकंद थांबते तेवढ्यात ते सगळं सामान दारातल्या गर्दीतून खाली काढायचं, मग पूल चढून पलीकडे जायचं. दिव्याच्या जिन्यावर कधी उभं राहून बघा, एक जण वर गोण्या पोचवतो आणि परत खाली येतो, तोवर बायको खाली उरलेल्या सामानापाशी पोराला धरून उभी असते. हा बदल कागदावर फक्त "शॉर्ट टर्मिनेट" एवढाच असतो.

हे का झालं ते समजून घ्यायचं तर आधी ही लाइन कशी बनलीय ते थोडं बघावं लागतं.

दिवा ते पनवेल लाइन साठच्या दशकातली, पुढे ती आपट्याला गेली आणि १९८६ पर्यंत रोह्याला. त्याच्यापुढे काहीच नव्हतं. गावाला जायचं तर एसटी, आणि त्याच्याही आधीच्या पिढीला बोट. कोकण रेल्वेला खरा वेग आला १९९० मध्ये, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री, दोघांना हा विषय जवळचा, त्यामुळे वेगळी कंपनीच काढली, ई. श्रीधरन तिचे प्रमुख, आणि ऑफिस आपल्या नवी मुंबईत, बेलापूरला. १९९३ ला रोहा ते वीर, १९९५ ला खेडपर्यंत, १९९६ संपता संपता सावंतवाडी, आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण लाइन. हे तुकडे सांगायचं कारण असं की रोह्याला अजूनही हद्द आहे. दिवा ते रोहा मध्य रेल्वेचं, रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचं. म्हणजे आपली पॅसेंजर एकाच फेरीत दोन मालकांच्या रुळांवरून जाते. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

आणि दुसरी गोष्ट, कोकण रेल्वे बांधली ती एकेरी. डोंगर फोडून, ९० च्या वर बोगदे काढून (एकटा करबुड्याचाच साडेसहा किलोमीटरचा) जे काम त्या लोकांनी केलं त्याला तोड नाही, पण पैसे आणि भूगोल दोन्ही बघता दुहेरी लाइन तेव्हा शक्य नव्हती. रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, वीरच्या पुढे रत्नागिरीपर्यंत एकेरीच.

एकेरी लाइनवर काय होतं? अरुंद घाटरस्त्यावर समोरून एसटी आली की एका गाडीने रुंद जागा बघून बाजूला व्हायचं, तसंच. इथे रुंद जागा म्हणजे स्टेशन, तिथे लूप लाइन म्हणजे बाजूचा जादा रूळ असतो. एक गाडी लूपला घ्यायची, दुसरी मेनवरून काढायची, याला क्रॉसिंग म्हणतात. मागून जोरात येणारी गाडी असेल तरी तेच, तिला पुढे काढायला हिला बाजूला घेतात. आता बाजूला कोणी व्हायचं हे कंट्रोलर ठरवतो आणि त्याचा क्रम ठरलेला असतो, वंदे भारत, राजधानी, तेजस, जनशताब्दी, मग बाकीच्या एक्सप्रेस, आणि सगळ्यात शेवटी पॅसेंजर. एखादी एक्सप्रेस पाऊण तास लेट असेल तर तिच्या क्रॉसिंगसाठी आपली पॅसेंजर सापे-वामने नाहीतर करंजाडीला उभी. ज्यांनी या गाडीने प्रवास केलाय त्यांना हे सांगायला नको, गाडी थांबते, लोक खाली उतरून हात पाय मोकळे करतात, कोणीतरी म्हणतं क्रॉसिंग आहे, समोरून धाडधाड करत एक गाडी जाते, परत सगळे चढतात, आणि गाडी हलतच नाही कारण अजून एक यायचीय.

या लाइनवर गाड्या वाढतच गेल्या. २०१७ ला तेजस आली, २०२३ च्या जूनमध्ये वंदे भारत आली. नवीन गाडी येते तेव्हा पेपरात फोटो येतो, पण तिला जागा करून द्यायला कुठल्या गाडीची किती मिनिटं गेली ते कुठेच छापून येत नाही. लाइन तेवढीच असताना वेगवान गाडी वाढवली की सगळ्यात खालच्या गाडीचा वेळ वाढणार हे उघड आहे.

आता "पाथ" म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. रेल्वेच्या ऑफिसात टाइमटेबल आपल्यासारखं रकान्यांत नसतं. तिकडे एक मोठा चार्ट असतो, एका बाजूला स्टेशनं, एका बाजूला वेळ, आणि प्रत्येक गाडी म्हणजे त्यावरची एक तिरकी रेघ. रेघ जेवढी उभी तेवढी गाडी फास्ट. ही रेघ म्हणजेच पाथ. दोन रेघांमध्ये ठराविक अंतर ठेवावंच लागतं, सिग्नलच तसे असतात. त्यामुळे गाडी हवी म्हणजे डबे हवेत, इंजिन हवं, ड्रायव्हर-गार्ड हवेत हे तर आहेच, पण पहिल्यांदा त्या चार्टवर मोकळी रेघ मारायला जागा हवी, आणि जिथे गाडी संपते तिथे प्लॅटफॉर्म रिकामा हवा. यातलं एक जरी गेलं की बाकी सगळं असून गाडी नाही.

वीर-चिपळूणकडे त्या चार्टवर रेघा कमी दिसतात तरी एकेरी लाइन असल्याने अडचण आहे. आणि दिवा ओलांडून मुंबईकडे आलात की चार्ट काळा होतो नुसता. मध्य रेल्वे रोज अठराशेच्या वर लोकल फेऱ्या चालवते, सगळ्या मार्गांवर मिळून. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांना एक लोकल. त्यात बाहेरगावच्या गाड्या घुसवायच्या. गाडी वेळेत असेल तर तिची रेघ आधीच मारून ठेवलेली असते, काही प्रॉब्लेम नाही. पण कोकणातून येणारी पॅसेंजर क्रॉसिंग खात खात दिव्याला तास दीड तास उशिरा आली तर तिची रेघ कधीच निघून गेलेली असते. मग दोनच पर्याय, तिला आत घ्या आणि मागच्या लोकलना पाच-सात मिनिटं लेट करा, किंवा तिला आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, उभी करा. आणि पुढे दादर. तिथे प्लॅटफॉर्म मोजके, त्यावर ती उभी राहणार, तोच रेक, म्हणजे तेच जोडलेले डबे, परत पाठवायचा तर पाणी भरायचं, झाडून घ्यायचं, आणि तोवर परतीची वेळ होऊन गेलेली. म्हणजे सकाळच्या गाडीचा उशीर दुपारच्या गाडीत उतरतो, आणि दुपारच्या गाडीतला उशीर रात्री रत्नागिरीत उतरतो, तिथे शेवटची एसटी गेलेली असते.

रेल्वेचं म्हणणं थोडक्यात हेच, की वक्तशीरपणा सांभाळायला गाडी दिव्यापर्यंतच ठेवली. आणि प्रामाणिकपणे बघितलं तर या म्हणण्यात तथ्य आहे. एक पॅसेंजर लेट आली आणि तिच्यामागे लोकल तुंबल्या तर हाल कोणाचे होतात, तर आपलेच, दिव्या-मुंब्र्याच्याच लोकांचे. या पट्ट्यात लोकलच्या दारात लटकणारी माणसं बघितलीत ना. २०१५ च्या जानेवारीत लोकल रखडल्या म्हणून दिव्यात लोक रुळांवर उतरले होते, आणि जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर गच्च भरलेल्या लोकलमधून पडून माणसं गेली. लोकलच्या मिनिटाची किंमत इथे कोणी कमी समजू नये.

पण मग मला जे खुपतं ते हे, की गाडी उशिरा येते म्हणून तिला तोडली, आणि ती उशिरा येते कारण वाटेत प्रत्येक गाडीसाठी तिलाच थांबवतात. म्हणजे शिक्षा तिला मिळाली आणि चूक तिची नव्हतीच. रत्नागिरीतून ती वेळेवरच निघते. टाइमटेबलमध्ये तिला सगळ्यात खालचा नंबर दिला रेल्वेने, त्या नंबरामुळे झालेला उशीर लिहिला तिच्या नावावर, आणि तो आकडा दाखवून दादर काढून घेतलं. या चक्रात कुठलीही पॅसेंजर सापडली तरी तिचं हेच होणार.

आणि हे एकट्या रत्नागिरी पॅसेंजरचं नाही. मुंबई-भुसावळ पॅसेंजर आठवत असेल, ठाणे-कल्याणवरून इगतपुरी, नाशिक करत जायची, ती मार्च २०२० ला थांबली. त्याच काळात रेल्वेने झिरो बेस्ड टाइमटेबल नावाचा प्रकार केला, आयआयटी मुंबईची मदत घेऊन. म्हणजे जुनं टाइमटेबल दुरुस्त करत बसण्यापेक्षा पाटी कोरी करून सगळ्या रेघा नव्याने मारायच्या, कमी वापराचे थांबे काढायचे, गाड्यांचा वेग वाढवायचा, रुळांच्या दुरुस्तीला रोज मोकळा वेळ ठेवायचा. कल्पना वाईट नाही, दुरुस्तीला वेळ मिळालाच पाहिजे. फक्त कुठल्या गाडीला किती लोक असतात हे मोजायचं कसं? रिझर्व्हेशनच्या गाडीचा चार्ट निघतो, सीट भरली की रिकामी ते कळतं. पॅसेंजरचं तिकीट जनरल, ते गाडीच्या नावावर नसतंच, स्टेशन ते स्टेशन असतं. विन्हेरेला किंवा कामथेला चढलेली माणसं त्या गाडीच्या खात्यात दिसणार कशी? त्यामुळे पॅसेंजर कायम रिकामी आणि तोट्यातली दिसते. तोट्याची आहेच म्हणा, तिकिटावरच छापलेलं असायचं की प्रवासाच्या खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल होतात, आणि पॅसेंजरचं भाडं तर सगळ्यात कमी. पण उक्शी, भोके, इथल्या लोकांना तुतारी नाहीतर मांडवी एक्सप्रेस दारात थांबणार आहे का? त्यांना रेल्वे म्हणजे असल्याच गाड्या.

भाड्याचीपण एक गोष्ट आहे. लॉकडाउननंतर ज्या पॅसेंजर सुरू झाल्या त्या स्पेशल म्हणून, नंबर शून्यापासून, आणि भाडं एक्सप्रेसचं. कमीत कमी तिकीट १० रुपयांचं होतं ते ३० झालं. गाडी तीच, थांबे तेच, डबे तेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पेशल हा शब्द गेला, पण पॅसेंजरचं जुनं भाडं परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. दिवा-सावंतवाडीचं बघा, ५०१०५ होती ती १०१०५ झाली. गाडीच्या नंबरात पहिला आकडा ५ म्हणजे पॅसेंजर, १ म्हणजे एक्सप्रेस. एक आकडा बदलून गाडी एक्सप्रेस झाली, पण म्हणून कोणी तिला क्रॉसिंगला थांबवायचं सोडलं नाही.

आता तो राग, जो सगळीकडे ऐकू येतो, की आमची गाडी दादरवरून काढली आणि तिथून गोरखपूर, बलियाच्या गाड्या सोडल्या. त्या गाड्या दादरवरून सोडल्या हे खरं आहे. पण मला या भांडणात गोरखपूरच्या माणसावर राग काढणं पटत नाही, त्यालाही गावाला जायचंच असतं, तोही जनरलच्या डब्यात तसाच कोंबून जातो. प्रश्न रेल्वेला विचारायचा आणि तो असा विचारायचा, की दादरला प्लॅटफॉर्म आणि पाथ नाही असं सांगून एक रोजची गाडी काढली, मग दुसऱ्या लांबच्या गाडीला तिथे जागा कशी निघाली? त्या लांबच्या गाड्या लेट होत नाहीत का? दोन्हींना एकच नियम लावा आणि आकडे दाखवा, एवढंच.

बरं, आता परिस्थिती तशीच आहे का जशी २०२० ला होती? नाही, आणि हा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. तेव्हा ठाणे ते दिवा मध्ये चारच रूळ होते, बाहेरगावच्या गाड्या आणि फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून एकाच लाइनने जायच्या. २००८ ला मंजूर झालेली पाचवी-सहावी लाइन रखडत रखडत फेब्रुवारी २०२२ ला झाली, त्यासाठी घेतलेला ७२ तासांचा ब्लॉक ठाणेकर विसरले नसतील. आता कुर्ल्यापासून दिव्यापर्यंत, पुढे कल्याणपर्यंत, लांबच्या गाड्यांना वेगळे रूळ आहेत. अडचण उरलीय ती कुर्ल्याच्या पुढे, कारण कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी अजून झालेली नाही. म्हणजे दादरपर्यंत न्यायला आजही फास्ट लोकलच्या रुळांवर यावं लागणार हे मान्य. पण ठाण्यापर्यंत यायला तीच अडचण सांगता येणार नाही, रूळ आहेत.

ठाण्याला आणायची तर खरी अडचण वेगळी आहे, गाडी उभी कुठे करायची. ठाण्याला बाहेरगावच्या गाड्यांचे प्लॅटफॉर्म आहेत पण त्यावर गाड्या दोन-चार मिनिटं थांबून जातात, तिथे रेक उभा करून इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावत बसलं तर मागे रांग लागेल. यावर उत्तर मेमू. मेमूला वेगळं इंजिन नसतं, मोटरी डब्यांखालीच, दोन्ही टोकांना केबिन, ड्रायव्हर या टोकाकडून त्या टोकाला गेला की गाडी परत निघायला तयार. शिवाय सुटल्या सुटल्या वेग घेते, त्यामुळे दर पाच-दहा किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीचा वेळ वाचतो. पूर्वी हे शक्य नव्हतं कारण कोकणात डिझेल चालायचं. आता २०२२ पासून कोकण रेल्वेवर पूर्ण वीज आहे. गणपतीत दिवा-चिपळूण मेमू सोडतातच की, म्हणजे चालू शकते हे त्यांनीच दाखवलंय. नवीन मेमूत शौचालयही असतं, जुन्या गाड्यांसारखं नाही. दूरच्या प्रवासाला बाकं थोडी कडक आहेत, पण ठाण्याला चढून चिपळूणला उतरणाऱ्या माणसाला दिव्याचा जिना चढण्यापेक्षा ते परवडलं.

पावसाळ्याचंपण लक्षात घ्या. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल लागतं, दरडींच्या भीतीने वेग कमी करतात आणि ते बरोबरच आहे. पण मग उशिराची सरासरी काढताना पावसाळ्याचे महिने वेगळे काढायला हवेत, नाहीतर आकडा फुगतो.

एवढं सगळं का सांगितलं, तर दरवर्षी निवेदनं जातात, सह्या होतात, आणि त्यात एकच ओळ असते, दादर-रत्नागिरी पॅसेंजर पूर्ववत सुरू करा. त्यावर उत्तरही एकच ओळीचं येतं, परिचालनाच्या कारणास्तव शक्य नाही. त्याऐवजी नेमकं विचारा. २०१९ च्या पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांत ५०१०४ रोह्याला सरासरी किती उशिरा हातात आली आणि दिव्याला किती, हे माहितीच्या अधिकारात मागा, म्हणजे उशीर कोणाच्या हद्दीत झाला ते कागदावर येईल. दादरला तिच्या वेळेत आता प्लॅटफॉर्मवर कोणती गाडी असते ते मागा. पाचवी-सहावी झाल्यावर ठाण्यापर्यंत मेमू आणायचा विचार झाला का, झाला असेल तर नाकारल्याचं कारण मागा. आणि अर्ज बेलापूरला पाठवू नका, तिथे कोकण रेल्वे बसते, ते म्हणणार आमची हद्द रोह्यापर्यंत. दिव्याच्या अलीकडचा पाथ मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाच्या हातात आहे, अर्ज सीएसएमटीला डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसात द्या, आणि रोह्याच्या पुढे क्रॉसिंगला किती वेळ गेला तेवढाच प्रश्न वेगळ्या कागदावर बेलापूरला.